दुष्काळाचा उच्चार

आठ वर्षांची असताना मी दुष्काळात काम केलं.
म्हणजे मालिकेत. रिओहून तीन ट्रक भरून माणसं आली,
त्यांनी आमच्या गालांना राख फासली,
कारण त्यांच्या मते गाल पुरेसे बसलेले नव्हते.
बैलाची कवटी त्यांनी सोबतच आणलेली,
पेंढ्यात गुंडाळून, काचसामानासारखी.
आमच्याकडे कवट्यांना तोटा नव्हता;
त्यांना दोन्ही शिंगं सारखी हवी होती.

एकशे बासष्ट भाग. मी दोनच भागांत,
डोक्यावर रिकामी घागर आणि एक वाक्य:
"आई, देवाच्या घरी तरी पाणी असेल का गं?"
असं आमच्यात कधी कुणी बोललं नाही.
आम्ही विचारायचो, टँकर आला का.

आई रोज रात्री आठला शिलाईमशीन थांबवून
त्या मालिकेपुढे रडायची.
"बिचारी माणसं," म्हणायची, "कुठल्या मुलखातली असतील!"
मग उठून
माठात किती उरलंय ते बघायची.

आता त्याचा सिनेमा होतोय.
दोन तासांत बसवायचं म्हणून
कारखानदाराची दुसरी बायको गेली, जुळा भाऊ गेला,
कोर्टातले चाळीस भाग गेले,
गावभर चहाड्या करणारी टपालवाली, माझी आवडती, तीही गेली.
दुष्काळ तेवढा ठेवला.
आमच्या पाचवीलाच पुजलेला तो, जाणार कुठे?

मला त्यांनी शोधून काढलं कांपिना ग्रांदेत,
माझ्या चष्म्याच्या दुकानात.
"घागरवाली मुलगीच आता आजी! वर्तुळ पूर्ण होईल,"
फोनवरची पोरगी म्हणाली.
मी विचारलं, दिवसाचे किती?

जुलै महिना. पाऊस होऊन माळ हिरवागार.
त्यांनी दोन एकरांवर पंपाने तपकिरी रंग मारला.
जुरांदिरने शेळ्या हाकलल्या, रंग चाटतील म्हणून,
आणि हाकलण्याचे पैसे वेगळे लावले.

बोलीचा मास्तर तालेस, साओ पाउलोचा,
पंचविशीतला, कानात डूल, वागायला गोड.
"दोना लिंदिनाल्वा, अजून थोडं तिकडचं बोला."
तिकडचं म्हणजे कुठलं रे?
त्याने हवेत हात फिरवला.
त्या एका हातात नऊ राज्यं आली.
"स्वर उघडे. शेवट ओढून. जरा गाऊन. जरा... थकून."

मी त्याला सांगितलं, आमच्यात 'त'चा 'च' होत नाही,
वरच्या राज्यात होतो;
माझी आई कोरड्या भागातली, बाप समुद्रकाठचा,
बाप रागावला की आईला अर्धं कळायचं नाही,
म्हणून तर संसार टिकला.
त्याने सगळं वहीत उतरवलं.
"फारच छान. पण प्रेक्षकाला कळायला हवं ना."

नऊ वेळा तेच वाक्य. नऊ वेळा त्याची मान आडवी.
दहाव्या वेळी मी काय केलं,
शाळेच्या ओट्यावर चुलतभावंडांना हसवायला
जो आवाज काढायचे, तो काढला.
टीव्हीतून उचललेला. त्याच मालिकेतून.
जिभेला हाड नसतं म्हणतात,
पण सवयी ठेवते जपून.

तालेसच्या डोळ्यांत पाणी.
"हेच! हे शिकवून येत नाही, रक्तात असावं लागतं."
होतंच रक्तात.
कुणी टोचलं, ते मी बोलले नाही.
पैसे मोजून घेतले. दुकानाच्या छताला
नवी पन्हळ बसवली त्यातून;
इथे गळतं फार.

सोमवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक, म्हातारा एदनाल्दो,
निवृत्त बसचालक, खुर्चीत बसून
भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत घडाघडा वाचू लागला
शेवटपर्यंत, सगळंच चूक.
पाठ केलंय का काका? मी म्हटलं.
"मागच्या डॉक्टरकडे हेच होतं."
मी दुसरा तक्ता लावला.
आता सावकाश. अंदाजाने नको.
दिसतं तेवढंच सांगा.